महारोहिणीची शिवण

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



माझा आवाज आपणांस फाटका आणि घोगरा लागेल. तो आपल्या यंत्राचा दोष नाहीं. उगीच त्याचे कान पिळूं नका. छत्तीस वर्षें मीं वर्गांत कविता शिकविल्या, आणि मागच्या बांकावर शब्द ऐकूं आला नाहीं अशी तक्रार त्या काळांत एकाही मुलानें केली नाहीं. आज तोंडापुढें यंत्र आहे म्हणून मी आपल्यापर्यंत पोंचतों. एरवीं माजघरांतून स्वयंपाकघरांतही माझें बोलणें जात नाहीं. हा आवाज कसा गेला, आणि आवाजावरच कसें निभावलें, हें सांगण्याच्या निमित्तानें छातींतील एका मोठ्या रक्तवाहिनीची, तिला येणाऱ्या फुगवट्याची, आणि तो फुगवटा कापून तेथें कापडाची नळी शिवणाऱ्या लोकांची हकीकत मी आज सांगणार आहें. मी वैद्य नव्हें; मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. जें वाचून, विचारून आणि स्वतः भोगून समजलें तेवढेंच बोलेन.

तीन वर्षांपूर्वींच्या आषाढांत माझा घसा बसला. पावसाळ्यांत मास्तराचा घसा बसावा यांत नवल तें काय? ज्येष्ठमध झालें, मिठाच्या गुळण्या झाल्या, कंठसुधारक वटीच्या डब्या रिकाम्या झाल्या. एका दवाखान्यांत चार महिने औषधें दिलीं, आणि जन्मभर ओरडणाऱ्यांचें असेंच व्हायचें असें सांगून समाधानही केलें. दिवाळींत माझा नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या गोष्टींत राक्षस आणि राजपुत्र एकाच आवाजांत बोलतात." त्याच्या त्या टीकेनें मी पुन्हा उठलों आणि एका तरुण कंठवैद्याकडे गेलों. त्यानें नाकावाटे बारीक दुर्बीण आंत घालून पाहिलें आणि विचारलें, "गुरुजी, छातीचें चित्र कधीं काढलें आहे का?" घसा दाखवावयास गेलेल्या माणसाला छातीविषयीं विचारल्यावर तो गोंधळणारच. मीही गोंधळलों.

नंतर उलगडा झाला तो असा. कंठांत आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. त्यांतील डाव्या पट्टीला हालविणारा मज्जातंतु मेंदूंतून सरळ कंठाकडे येत नाहीं. तो मानेतून खालीं छातींत उतरतो, तेथें महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेतो, आणि आल्या वाटेनें पुन्हा वर चढून कंठाला मिळतो. पुण्याहून मुंबईस निघालेल्या माणसानें आधीं सोलापुरास जाऊन यावें, त्यांतलाच हा प्रकार. गर्भावस्थेंत हृदय मानेजवळ असतें. तें छातींत उतरतांना या तंतूला आपल्याबरोबर ओढून नेतें, असें शास्त्रज्ञ सांगतात. उजव्या बाजूचा तंतु इतका खोल जात नाहीं. म्हणून महारोहिणीची कमान फुगली तर हा डावा तंतु ताणला जातो आणि आवाज बसतो. माझा घसा निर्दोष होता. बिघाड वीतभर खालीं होता.

महारोहिणी हा शब्द कोशांतला आहे. कोणी तिला महाधमनी म्हणतात, आणि डॉक्टर मंडळी एओर्टा. हृदयाच्या डाव्या कप्प्यांतून निघणारें सगळें शुद्ध रक्त या एका नळींतून जातें, तें मिनिटाला सुमारें पांच लिटर. दिवसाकाठीं तिच्या भिंतीवर लाखभर ठोके बसतात. आकार म्हातारपणच्या काठीच्या मुठीसारखा: हृदयापासून वर चढते, कमान घेते, आणि मग पाठीच्या कण्याला लागून खालीं पोटांत जाते. कमानीच्या माथ्यावरून मेंदूकडे आणि हातांकडे शाखा फुटतात. निरोगी माणसांत तिची रुंदी छातीच्या वरच्या भागांत सुमारें तीन सेंटिमीटर असते. माझी सहा सेंटिमीटर आणि तीन मिलिमीटर भरली.

सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागीं फुगा आलेला आपण पाहिला असेल. बाकीची ट्यूब धड असते, तेवढीच जागा पातळ झालेली असते, आणि हवा भरावी तसा फुगा मोठा होतो. डॉक्टर ज्याला अॅन्युरिझम म्हणतात आणि आपल्या कोशकारांनीं ज्याला रोहिणीविस्फार असें नांव दिलें आहे, तो विकार बहुतेक असाच. यांत वाईट गोष्ट अशी कीं फुगवटा जितका रुंद, तितका आंतल्या त्याच दाबाचा ताण भिंतीवर अधिक. हा नियम लाप्लास नांवाच्या फ्रेंच गणित्याच्या नांवें ओळखला जातो; परंतु लहान मुलांनाही तो ठाऊक असतो. रबरी फुगा फुंकतांना पहिला श्वास सर्वांत जड जातो, आणि एकदां फुगा पसरला कीं पुढचें काम सोपें होतें. म्हणून महारोहिणी तीनाची चार व्हावयास कित्येक वर्षें लागतात, पण सहाची सात होण्याची वाट पाहूं नये.

कांहीं वेळां भिंत फुगतां फुगतां उसवते. अंगरख्याचें अस्तर एका टोकाला फाटलें म्हणजे हात बाहीऐवजीं अस्तरांत शिरतो, तसें रक्त आंतल्या पदराची चीर धरून भिंतीच्या दोन पदरांमध्यें शिरतें आणि त्यांना उभें फाडीत जातें. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज असाच गेला. १७६० सालच्या ऑक्टोबरच्या २५ तारखेस सकाळीं त्यानें आपला नेहमींचा चॉकोलेटचा पेला घेतला, शौचकूपांत गेला, आणि थोड्याच वेळांत नोकरानें तो जमिनीवर पडलेला पाहिला. फ्रॅंक निकोल्स नांवाच्या राजवैद्यानें देह उघडून पाहिला, तेव्हां हृदयाभोंवतालची पिशवी रक्तानें भरलेली आणि महारोहिणीच्या आंतल्या पदराला चीर गेलेली आढळली. हृदयापासून वर चढणाऱ्या भागांत अशी चीर पडली आणि उपाय झाला नाहीं, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभर रोग्यांपैकीं एकदोन दगावतात असें वैद्यकाच्या ग्रंथांत पूर्वापार सांगितलें आहे.

हा विकार होतो कां, तें थोडक्यांत सांगतों. वाढलेला रक्तदाब, तंबाखू, वय. कांहींच्या हृदयाच्या झडपेला तीनाऐवजीं जन्मतः दोनच पाकळ्या असतात, त्यांना. कांहीं घराण्यांत तो रक्तांतूनच येतो. पेनिसिलीन मिळूं लागण्यापूर्वीं उपदंश हें एक मोठें कारण होतें. आतां तें मागें पडलें.

आतां शिवणाकडे येतों, कारण ही सारी कथा मुळांत शिवणकामाची आहे.

फुगलेल्या नळीचें करावें काय, हा प्रश्न शस्त्रवैद्यांना फार दिवस सुटला नव्हता. कोणी फुगवट्यांत तार खुपसून आंतलें रक्त गोठविण्याचा प्रयत्न केला. कोणी बाहेरून सेलोफेनचा कागद गुंडाळला. आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या महारोहिणीला छातींत नव्हे, पण पोटांत असाच फुगवटा होता. १९४८ सालीं रुडोल्फ निसेन या शस्त्रवैद्यानें त्याला सेलोफेन गुंडाळलें, आणि त्यावर आइन्स्टाइन आणखी सात वर्षें जगले. १९५५ च्या एप्रिलमध्यें फुगवटा फुटूं लागला, तेव्हां शस्त्रक्रियेला त्यांनीं नकार दिला आणि शांतपणें देह ठेवला. तो नकार पुढें मला फार उपयोगी पडणार होता, किंवा मला तसें वाटत होतें. त्याविषयीं मागाहून.

गुंडाळणें निराळें आणि कापून नवी नळी बसविणें निराळें. त्यासाठीं रक्तवाहिनी शिवतां आली पाहिजे. १८९४ सालीं फ्रान्सचा अध्यक्ष साडी कार्नो याला लिऑं शहरांत मारेकऱ्यानें सुरा मारला. आंतली शीर तुटली होती, आणि ती सांधण्याची विद्या कोणालाच ठाऊक नसल्यामुळें तो मेला. त्याच गांवीं आलेक्सी कारेल नांवाचा वैद्यकाचा तरुण विद्यार्थी होता. त्यानें शहरांतील एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुई आणि रेशमाचा टांका शिकून घेतला, आणि १९०२ सालीं रक्तवाहिन्या टोंकाशीं टोंक जुळवून शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. १९१२ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. त्या भरतकाम करणाऱ्या बाईला काय मिळालें, तें माझ्या वाचनांत नाहीं.

पुढचा प्रश्न, शिवावयाचें काय? आरंभीं मेलेल्या माणसांच्या रक्तवाहिन्या जपून ठेवून त्या जोडीत. त्या हव्या तेव्हां, हव्या त्या मापाच्या मिळत नसत. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें आर्थर व्हुरहीस या तरुण डॉक्टरानें कृत्रिम धाग्याच्या कापडाच्या नळ्या कुत्र्यांना बसवून पाहिल्या. कुत्र्याच्या हृदयांत चुकून राहिलेल्या रेशमाच्या टांक्यावर शरीरानें आपणहून गुळगुळीत पापुद्रा चढविलेला त्याला दिसला होता, त्यावरून ही कल्पना निघाली. आणि मग येतात मायकेल डीबेकी.

डीबेकी हे अमेरिकेंतील लुइझियाना संस्थानांत १९०८ सालीं जन्मले. आईबाप लेबनॉनमधून आलेले. आई शिवणांत तरबेज होती, आणि तिनें मुलालाही सुई धरावयास शिकविलें. (आपल्याकडे मुलग्याच्या हातीं सुई दिली तर शेजारीं हांसतील.) ह्यूस्टन शहरांत शस्त्रवैद्य असतांना १९५३ सालीं त्यांनीं आणि डेंटन कूली यांनीं छातींतील उतरत्या महारोहिणीचा फुगवटा कापून मृत माणसाची नळी बसविली. परंतु त्यांना कापडाची नळी हवी होती. एके दिवशीं ते शहरांतील मोठ्या दुकानांत नायलॉन आणावयास गेले. नायलॉन संपलें होतें. दुकानदारानें डेक्रॉन नांवाचें नवें कापड पुढें केलें. तें यांनीं हातानें चाचपून पाहिलें, वारभर घेतलें, आणि घरीं येऊन बायकोच्या शिवणयंत्रावर दोन तुकड्यांच्या कडा शिवून नळी केली. नायलॉन पुढें शरीरांत टिकत नाहीं असें दिसून आलें, डेक्रॉन टिकलें. त्या दिवशीं दुकानांत नायलॉन शिल्लक असतें तर काय झालें असतें, हें मी शिवणाच्या मास्तरिणीलाच विचारीन. पुढें वस्त्रविद्येच्या एका प्राध्यापकानें अखंड नळी विणणारें यंत्र करून दिलें. माझ्या छातींत जी नळी आहे, ती त्याच वंशांतली.

उतरता भाग साधला, तरी कमान अवघड होती. कारण कमानीवरूनच मेंदूला रक्त जातें, आणि मेंदू चारपांच मिनिटांहून अधिक उपाशी राहूं शकत नाहीं. १९५७ सालीं डीबेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हृदयाचें आणि फुफ्फुसांचें काम करणारें यंत्र लावून कमान बदलली. कमानीच्या शस्त्रक्रियेंत खरी सोय झाली ती १९७५ सालीं. स्टॅनफर्ड येथील रॅंडल ग्रीप यांनीं रोग्याचें शरीर इतकें थंड केलें कीं मेंदूची भूकच मंदावली, आणि मग रक्ताभिसरण पूर्ण थांबवून निवांतपणें शिवण घातली. पहिल्या चार रोग्यांपैकीं तीन वांचले. चारांत तीन हा आंकडा आज ऐकतांना अंगावर कांटा येतो. त्या वेळीं तो आशेचा होता.

मला हें सगळें शस्त्रक्रियेपूर्वीं माझ्या शस्त्रवैद्यानें कागदावर आकृति काढून समजावून दिलें. तो माझा विद्यार्थी नव्हता, परंतु त्याची आकृति इतकी स्वच्छ होती कीं मीं मनांत त्याला दहापैकीं नऊ गुण दिले. थंड करणार, हृदय थांबविणार, कमान कापणार, तीन शाखा पुन्हा जोडणार, आणि नळीचें एक टोंक खालच्या भागांत मोकळें लोंबतें ठेवणार. या लोंबत्या टोंकाला डॉक्टर हत्तीची सोंड म्हणतात. जर्मनींतील हान्स बोर्स्ट यांनीं १९८३ सालीं ही युक्ति प्रसिद्ध केली. पुढेंमागें खालचा भाग फुगलाच, तर ती सोंड धरून पुढची नळी जोडतां येते. गणपतीची आठवण होऊन मला जरा धीर आला, हें कबूल करतों.

पण मीं नाहीं म्हटलें.

माझें म्हणणें असें: साठी उलटली, मुलांचीं लग्नें झालीं, आइन्स्टाइनसारख्यानें जें नाकारलें तें मी नाकारलें तर काय बिघडलें? शिवाय मीं आंकडे मागून घेतले होते, आणि आंकड्यांनीं मी अधिकच घाबरलों होतों. ते आंकडे आपणांपुढें ठेवतों, कारण अशी वेळ कोणाच्याही घरीं येऊं शकते.

कांहींच केलें नाहीं तर काय होतें? अमेरिकेंत येल विद्यापीठांतील जॉन एलेफ्टेरियाडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं वर्षानुवर्षें रोग्यांची नोंद ठेवली. फुगवटा सहा सेंटिमीटरांच्या पुढें गेला कीं फुटणें, उसवणें किंवा मृत्यु यांपैकीं कांहींतरी घडण्याचें प्रमाण वर्षाला शंभरांत चौदापंधरा निघालें. म्हणून वैद्यांनीं चढत्या भागासाठीं साडेपांच सेंटिमीटर हा सर्वसाधारण उंबरठा धरला आहे. मारफान नांवाचा जन्मजात विकार असणाऱ्यांना, किंवा घराण्यांत अशी घटना घडलेल्यांना, त्याहून आधीं. आणि शस्त्रक्रिया केली तर? चढता भाग आधींच ठरवून बदलला, तर अनुभवी ठिकाणीं शंभरांत दोनतीन दगावतात. कमानीची जोखीम त्याहून अधिक. मला शंभरांत सहा सांगितले, आणि शिवाय अर्धांगाची भीति. भिंत उसवल्यावर घाईघाईनें करावी लागली, तर पांचांत एकाच्या आसपास मृत्यु होतात.

सर्वांत कठीण तें छातीपासून पोटापर्यंत उतरलेल्या लांबलचक फुगवट्याचें काम. तें ज्यांनीं हातीं घेतलें त्या स्टॅन्ली क्रॉफर्ड यांच्या १९६० पासून १९९१ पर्यंतच्या १,५०९ रोग्यांचा हिशेब १९९३ सालीं छापला गेला. महिन्याच्या आंत शंभरांत आठ मेले. आणि शंभरांत सोळांचे पाय थोडेफार किंवा पूर्ण लुळे पडले. हें दुसरें वाक्य मीं दोनदां वाचलें. छातींतल्या शस्त्रक्रियेनें पाय कां जावेत? तर कण्यांतील मज्जारज्जूला रक्त पुरविणाऱ्या बारीक शाखा याच महारोहिणीच्या पाठीमागून निघतात. त्यांतील मुख्य शाखेला आडामकिएविच यांचें नांव आहे. क्राकोव्ह येथील या पंडितानें १८८२ सालीं त्या रक्तवाहिन्यांचें वर्णन केलें. नळी बसवितांना ती शाखा उपाशी राहिली तर माणूस जिवंत उठतो, पण उभा राहत नाहीं.

याच ह्यूस्टन शहरांत क्रॉफर्ड यांच्यामागून जोसेफ कोसेली यांनीं तें काम चालविलें, आणि २०१६ सालीं आपल्या ३,३०९ शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. मृत्यु शंभरांत साडेसात. कायमचे लुळे पडलेले शंभरांत तीनाहूनही किंचित् कमी, आणि कायमची अर्धवट दुर्बलता राहिलेले आणखी अडीचांच्या आंत. दोन्ही गणती तंतोतंत एका मापानें केलेल्या नाहींत, त्यामुळें वजाबाकी करून फार फुशारूं नये. तरी पायांच्या बाबतींत किती अंतर तुटलें तें दिसतें. हें कशानें झालें? एक युक्ति तर अगदीं साधी आहे. कण्याच्या पोकळींतील पाणी बारीक नळीनें हळूहळू काढीत राहावयाचें, म्हणजे आंतला दाब उतरतो आणि रक्ताला शिरण्यास वाव मिळतो. कोसेली यांनीं १४५ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडून ही युक्ति पारखली, आणि तो निकाल २००२ सालीं छापला: पाणी न काढलेल्यांत शंभरांत तेरांचे पाय गेले, काढलेल्यांत शंभरांत तीनाहून कमी. एका नळीनें एवढें व्हावें!

मी मास्तर असल्यामुळें शंभरांत सहा हें माझ्या डोळ्यांपुढें आंकडा म्हणून राहत नाहीं. चाळीस मुलांचा वर्ग, हजेरीचें पुस्तक, आणि त्यांत दोनअडीच नांवांपुढें शाईची रेघ. कोणाच्या नांवापुढें, तें आधीं सांगत नाहींत. मीं घरीं पाटीवर हे हिशेब मांडून ठेवले होते. आमच्या मंडळींनीं पाटीकडे पाहिलेंही नाहीं. त्या माझ्याबरोबर शस्त्रवैद्याकडे आल्या आणि दोनच गोष्टी विचारल्या: असलें काम तुम्ही वर्षांत कितीदां करतां, आणि त्या रात्रीं यांच्या उशाशीं जागें कोण बसतें? मीं महिनाभर वाचून हे दोन प्रश्न मला सुचले नव्हते. पुढें समजलें कीं, जेथें ही शस्त्रक्रिया वारंवार होते तेथें रोगी अधिक जगतात, ही गोष्ट वैद्यकानेंही मान्य केलेली आहे.

परंतु माझें मत फिरलें तें डीबेकी यांच्याच गोष्टीनें. ती सांगतों.

२००५ सालच्या ३१ डिसेंबरच्या संध्याकाळीं सत्त्याण्णव वर्षांचे डीबेकी घरीं एकटेच बसून एका व्याख्यानाची तयारी करीत होते. एकाएकीं छातींतून मानेकडे आणि पाठीकडे असह्य कळ गेली. हृदयविकाराचा झटका आला असें त्यांना वाटलें, आणि मदत न बोलावतां ते स्वस्थ राहिले. पुढें निदान झालें तें महारोहिणी उसवल्याचें. ज्या विकारावरील शस्त्रक्रिया त्यांनींच १९५४ सालीं पहिल्यानें यशस्वी केली, आणि ज्याचे वर्ग आजही त्यांच्या नांवानें ओळखले जातात, तोच हा विकार. त्यांनीं शस्त्रक्रियेला नकार दिला. मरणाहून पांगळेपण त्यांना अधिक भयंकर वाटत होतें. प्रथम घरीं, मग रुग्णालयांत निजून होते. आरंभीं ५.२ सेंटिमीटर असलेला फुगवटा वाढत वाढत ७.५ झाला, आणि ९ फेब्रुवारी २००६ रोजीं ते बेशुद्ध झाले.

आतां करावें काय? रोग्यानें नको म्हणून सांगितलेलें. हृदय थांबलें तर पुन्हा चालू करूं नये अशी त्याची नोंदही कागदावर. रुग्णालयांतील भूल देणाऱ्या डॉक्टरांनीं भूल देण्यास नकार दिला. मेजावरच मरणाऱ्या जगप्रसिद्ध म्हाताऱ्याला हात लावण्यास कोण तयार होईल? नीतिविषयक समितीची बैठक रात्रीं भरली. चर्चा लांबत चालली, तेव्हां डीबेकी यांच्या पत्नी कात्रिन त्या बैठकींत शिरल्या आणि ताबडतोब काम सुरू करा म्हणाल्या. भूल देण्यास दुसऱ्या डॉक्टर आल्या. जॉर्ज नून, डीबेकी यांचे अनेक वर्षांचे सहकारी, यांनीं सुमारें सात तास खपून त्यांच्या छातींत डेक्रॉनची नळी शिवली. त्या कापडाची पहिली नळी ज्यानें घरीं शिवली, त्याच्याच छातींत!

पुढचे महिने सोपे नव्हते, आणि ते लपवूं नयेत. श्वासासाठीं कित्येक आठवडे यंत्र, गळ्याला भोंक, मूत्रपिंडांसाठीं यंत्र, अन्नासाठीं नळी. खर्च दहा लाख डॉलरांच्या पुढें गेला. सुमारें आठ महिन्यांनीं ते घरीं स्थिरावले. मग ते पुन्हा कामावर जाऊं लागले, आणि शस्त्रक्रिया केली हें बरें झालें असें त्यांनीं स्वतः वार्ताहराला सांगितलें. २००८ च्या एप्रिलांत अमेरिकेच्या विधिमंडळाचें सुवर्णपदक त्यांनीं स्वहस्तें स्वीकारलें, आणि त्याच सालीं ११ जुलै रोजीं, शंभर वर्षांना दोन महिने कमी असतांना, ते वारले.

कात्रिनबाईंनीं केलें तें योग्य कीं अयोग्य? नवऱ्याचा शब्द मोडला हें खरें. तो वांचला म्हणून त्या बरोबर ठरल्या, आणि मेला असता तर चुकल्या असत्या, असा निवाडा मला करवत नाहीं. निकालावरून पेपर तपासणें हें मास्तराला शोभत नाहीं. माझ्यापुरता मीं अर्थ घेतला तो एवढाच, कीं मी शुद्धींत असतांनाच उत्तर दिलें पाहिजे. तें ओझें आमच्या मंडळींवर टाकून बेशुद्ध होणें बरें नव्हे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं होकार कळविला.

माझी शस्त्रक्रिया आठ तास चालली. तीन दिवस मला कांहीं आठवत नाहीं. चौथ्या दिवशीं परिचारिकेनें नांव विचारलें, मीं सांगितलें. आजचा वार विचारला, तो मीं चुकविला. पायांचीं बोटें हालतात का हें मीं तिनें विचारण्याच्या आधींच पाहून घेतलें होतें. दोन महिने शेजारच्या मारुतीपर्यंत चालणें म्हणजे पंढरीची वारी वाटे. आवाज मात्र परत आला नाहीं. तंतु फार दिवस ताणलेला राहिला, त्या चार महिन्यांच्या गुळण्यांचा हा हिशेब. सगळ्यांनाच छाती उघडावी लागते असें समजूं नका. खार्किव येथें निकोलाय वोलोदोस यांनीं १९८७ सालीं जांघेंतील रोहिणींतून दुमडलेली नळी वर सरकवून छातींत उघडण्याची रीत यशस्वी केली; उतरत्या भागासाठीं आज ती पुष्कळ वापरली जाते, आणि रोगी थोड्याच दिवसांत घरीं जातो. त्याला पुढें नियमानें चित्रें काढून पाहत राहावें लागतें, एवढेंच.

आणखी एक गोष्ट घरोघरच्या मंडळींनीं ध्यानांत ठेवावी. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीचीं प्रतिजैविकें अशा फुगवट्याच्या माणसाला शक्य तों देऊं नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषधखात्यानें २०१८ सालीं दिला आहे. साध्या जुलाबासाठीं औषध घेतांनाही आपला विकार डॉक्टरांस सांगावा.

फ्लो हायमन ही अमेरिकेची व्हॉलीबॉलमधील नामांकित खेळाडू. सहा फुटांहून पुष्कळ उंच, लांब हातांची. १९८६ च्या जानेवारीच्या २४ तारखेस जपानमध्यें सामना चालू असतां ती बदली होऊन बांकावर बसली आणि तेथेंच कोसळली. वय एकतीस. मारफानच्या विकारानें तिची महारोहिणी फाटली होती, आणि हें तिला कोणीं कधीं सांगितलें नव्हतें. मागाहून तिच्या भावाची तपासणी झाली, त्याच्यांतही तोच दोष आढळला, आणि वेळेवर शस्त्रक्रिया होऊन तो वांचला.

ही हकीकत वाचल्यावर मीं सांगलीस माझ्या धाकट्या भावाला फोन केला. "दादा, मला काय धाड भरली आहे?" म्हणून त्यानें वर्षभर टाळलें. रोज तीन मैल चालतो, रक्तदाब नाहीं, सुपारीचें खांडही खात नाहीं. गेल्या महिन्यांत माझ्या वहिनीनें, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनीनें, त्याला दटावून नेलें. चार सेंटिमीटर आणि सात मिलिमीटर भरली. कापण्याजोगी नाहीं, वर्षावर्षानें मापावयाची. जड उचलूं नकोस म्हटलें आहे, म्हणून त्यानें पाण्याच्या बादल्या भरणें सोडलें आहे.

परवां त्याचा फोन आला होता. पुष्कळ इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर त्यानें हळूच विचारलें, "दादा, ती कापडाची नळी आंत खुपते का रे?" मीं सांगितलें, नळी अजिबात कळत नाहीं; छातीचें हाड ज्या तारांनीं बांधलें आहे, त्या तारा पौषाच्या थंडींत जरा बोंचतात. त्याला माझें बोलणें नीट ऐकूं आलें नाहीं. मीं पुन्हा, जरा मोठ्यानें सांगितलें.